लाम्बिसच्या नावाचे गहू

"गहू तुम्ही शिजवले असतील असं मला वाटलं, ताई."

"मी? बायको तू की मी?" आसिमिनाताई दारातच कडाडल्या.

नणंद-भावजय एकमेकींच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिल्या. आज संत हारालाम्बोसचा दिवस, म्हणजे त्या संताचंच नाव ठेवलेल्या लाम्बिसचा नावदिवस. त्याला जाऊन तीन महिने झाले होते. तो असता तर सकाळपासून दार सताड उघडं राहिलं असतं. नावदिवसाला या घरातून कधी कुणाला बोलावणं गेलं नाही आणि यायचं कधी कुणी राहिलं नाही. पण माणूस गेला की त्या दिवशी करायचं एकच असतं. गहू शिजवायचे, त्यात डाळिंब, बदाम, मनुका घालायच्या, वर पिठीसाखरेचा थर द्यायचा. हा कोलिवा चर्चमध्ये न्यायचा, पाद्रीबाबांनी गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि मग तो मूठमूठ वाटायचा.

चाळिसाव्या दिवशी ताईंनी लेमोनियाला पातेल्याला हात लावू दिला नव्हता. "माझ्या भावाचे गहू मीच शिजवणार," म्हणाल्या होत्या. तेव्हा दोघींचं चांगलंच वाजलं होतं. म्हणून या वेळीही त्याच करतील असं लेमोनियाने धरलं, आणि या वेळी भावजय हट्टाने स्वतःच करील असं ताईंनी. लेमोनिया काळे कपडे घालून वाट बघत बसली. ताईंची बस डोंगरातल्या धुक्यात अडकली. त्या योआनिना शहरात उतरल्या तोवर चर्चमधली प्रार्थना आटोपली होती. लाम्बिसचं नाव कुणी घेतलंच नसणार.

लेमोनियाने कॉफी ठेवली. ताईंनी काळा रुमाल सोडला, पुन्हा घट्ट बांधला.

"कॉलेज, कॉलेज! त्यापायी आज गहू राहिले. आता तरी सोड आणि गावी चल. त्याच्या थडग्यावर रोज दिवा लागला पाहिजे. इथे तुझं आहे कोण?"

"माझे विद्यार्थी आहेत."

"परदेशी पोरं! पंचवीस वर्षं त्यांना ग्रीक शिकवतेस. वर आमच्या चालीरीती शिकवतेस, फळ्यावर कोलिव्याची कृती लिहितेस, म्हणे. हसू येतं मला. अगं, हे रक्तात असावं लागतं. त्यांच्यातल्या एकाला विचार, कुणाचा रे तू? येईल सांगता?"

हे लेमोनियाच्या वर्मी लागलं. कारण हा प्रश्न ती दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवायची. गावातली म्हातारी माणसं तुमचं नाव विचारणार नाहीत, कुणाचे ते विचारतील. उत्तर तयार ठेवा. गेल्या वर्षी इजिप्तच्या नवालने हात वर करून विचारलं होतं, "आमचं इथे कुणीच नाही, बाई. आम्ही काय सांगायचं?" लेमोनियाला तेव्हा काही सुचलं नव्हतं. स्वतःला मूलबाळ नसलेल्या बाईला ते कसं सुचणार?

ताईंचं खोटं नव्हतं, असं तिला वाटून गेलं. उद्या तासाला जायचं, वर्गाचा निरोप घ्यायचा आणि सुटायचं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात सातआठ जण उभे होते. सगळ्यांच्या पुढे डोक्याला रुमाल बांधलेली नवाल, तिच्यामागे एस्टोनियाचा ताडमाड युहान. त्याच्या हातात भला मोठा पांढरा खोका होता, रिबीन बांधलेला. गेल्या वर्षी याच दिवशी ते असेच न बोलावता आले होते, असाच खोका घेऊन. दुधाची मिठाई होती त्यात, आणि लाम्बिसने स्वयंपाकघरात सगळ्यांना नाचवलं होतं.

"बघ!" ताई दबक्या आवाजात फुत्कारल्या. "मयताच्या घरी मिठाई! आता 'खूप वर्षं जगा' म्हणतील. शिकवलंस ते हे!"

नवालने मात्र कसलीच शुभेच्छा दिली नाही. तिने युहानला खोका टेबलावर ठेवायला सांगितलं आणि रिबीन सोडली.

आत पिठीसाखरेचा पांढराशुभ्र थर होता. त्यावर चंदेरी गोळ्यांचा क्रूस काढलेला होता. खाली, थोडं वाकडं, लाम्बिसच्या नावाचं पहिलं अक्षर होतं.

"देव त्यांना क्षमा करो," गेलेल्यासाठी म्हणतात तसं सगळे एकदम म्हणाले, अगदी स्पष्ट ग्रीक उच्चारात.

"गहू फडक्यावर पसरून कोरडे केले, बाई, तुम्ही सांगितलं तसे," नवाल म्हणाली. "डाळिंबं युहानने सोलली. आमच्या खोलीची भिंत अजून लाल आहे. सकाळी चर्चमध्ये नेलं. पाद्रीबाबांनी विचारलं, कुणाचं नाव घेऊ? आम्ही हारालाम्बोस सांगितलं. म्हणाले, बरं झालं, मी त्याच्या घरच्यांचीच वाट बघत होतो. हा घरासाठी राखून ठेवलेला वाटा."

लेमोनियाला रडू फुटलं. ते नुसतं दुःखाचं नव्हतं. तिची छाती अभिमानाने भरून आली होती आणि ते दाखवायची तिला जराही लाज वाटली नाही.

"उद्या तास आहे ना, बाई?" युहानने विचारलं.

"आहे," ती ताईंकडे बघत म्हणाली. "उद्याही आहे, परवाही आहे."

ताईंनी ते ऐकलं. त्यांनी ओंजळ पुढे केली. नवालने त्यात गहू घातले. ताईंनी ते सावकाश चावले, डोळे पुसले आणि त्या पोरीच्या रुमालावरून हात फिरवत विचारलं,

"कुणाची गं तू?"

नवाल क्षणभरही अडखळली नाही.

"लेमोनियाबाईंची."