अप्पांच्या दंडावरची पट्टी

ड्राय नीडलिंगच्या सुया स्नायूत टोचून घेतल्यावरही कस्तुरीचा खांदा कधीच दुखत नसे. तिच्या दंडावरची पट्टी ते दुखणं ओढून घेई आणि साताऱ्याला, तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या दंडावरच्या जोडपट्टीत उतरवी. आज मात्र भालाफेकीची अंतिम फेरी तोंडावर आली आणि खांदा ठणकू लागला.

"अप्पांनी पट्टी काढली असेल," फिजिओ नाझनीन म्हणाली.

"ते आंघोळीलाही काढत नाहीत गं! त्यांना काही झालं तर नसेल?"

घरचा फोन नुसता वाजत राहिला. कस्तुरीने पुन्हा लावला. शेवटी आईने उचलला.

"आई, अप्पा कुठायत?"

"झोपलेत. पट्टी मीच काढली. परवापासून त्यांना घास तोंडापर्यंत नेता येत नाही."

"मला तर म्हणाले, मुंगी चावल्यासारखं वाटतं!"

"तुला दुसरं काय सांगणार ते?"

नाझनीनने घाईघाईने स्वतःची बाही वर केली. "माझ्याकडे दुसरी जोडपट्टी आहे. मला लावते."

"नको. गरम पाण्याची पिशवी दे." कस्तुरीने आपलीही पट्टी सोलून काढली. हात कानापर्यंत उचलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने तो खाली घेतला आणि पुन्हा उचलला.