उसने ठोके

"पोरी, माझं काळीज बंद पडलंय ना?" आयसीयूतल्या तांडेल काकांनी विचारलं.

प्रणिता सिस्टरचा सलाइनवरचा हात थबकला. काकांचं हृदय कालपासून निश्चल होतं. रक्त फिरवत होतं ते कॉटपाशी घरघरणारं मशीन.

"तसं काही नाही हो, काका."

"जन्मभर मासेमारीची बोट चालवली मी. इंजिन थांबलं की झोपेतही कळतं मला. उशीवर कान टेकतो, तर आत सामसूम."

त्यांचे डोळे भीतीनं विस्फारले होते. तिनं ते मिटायला सांगितले, स्टेथोस्कोप त्यांच्या कानांना लावला आणि त्याची चकती हळूच स्वतःच्या छातीवर टेकवली.

काका ऐकत राहिले. कपाळावरची आठी विरली. "चालू आहे की," ते पुटपुटले, "जरा जोरात पळतंय, एवढंच."

पहाटे काका गेले. सकाळी ड्यूटी संपवून ती घरी आली, पडदे ओढून आडवी झाली. उशीवर कान टेकताच ठोके ऐकू आले. तिनं कूस बदलली, तर दुसऱ्या कानातही तेच.

गेलेल्या पेशंटची वस्तू चुकून आपल्या पर्समधून घरी आलेली सापडावी, तशी ती दचकून उठून बसली.