दुसऱ्या अंकातली बायको

“थांबवा! आधी ते गाणं थांबवा.”

बाई तिसऱ्या रांगेतून उठून तरातरा रंगमंचाच्या कडेशी आल्या. पियानोवाल्याचे हात जागच्या जागी थांबले. वर उभी असलेली लाल झग्यातली नटी गोंधळून दिग्दर्शिकेकडे बघू लागली. आत्ताच तिने नायकाच्या हातातली गिटार काढून घेतली होती आणि त्याच्या गळ्यात पडून गायली होती, ‘एक तर ते तिघे, नाही तर मी.’

“ही कोण बाई?” त्यांनी वर बोट दाखवून विचारलं.

लेखक जवळच उभा होता. “तुम्ही,” तो हळूच म्हणाला.

नाटक चार पोरांच्या बँडवर होतं. गॅरेजमध्ये सुरू झालेला, पाच वर्षांत घराघरात पोचलेला आणि ऐन भरात असताना फुटलेला बँड. बाई त्या बँडच्या मुख्य गायकाची बायको. रंगीत तालमीचं आमंत्रण दोघांनाही होतं. नवरा म्हणाला, “मी नाही येत आणि तूही जाऊ नकोस. नाटकवाले मीठमसाला लावणारच. जुनी मढी कशाला उकरायची?” तरी बाई आल्या होत्या, चांगल्यातली साडी नेसून.

“बत्तीस वर्षं ऐकतेय मी हे,” त्या लेखकाला म्हणाल्या. “भाजी घेताना, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. मुलगी पहिलीत असताना शाळेतून रडत आली होती, आई, बाबांचा बँड तू मोडलास का म्हणून. गिळलं मी. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? पण तुम्ही आता तिकीट लावून दाखवणार? अहो, चौघांचे कोट मी शिवायचे. मशीनवरून मान वर करायला फुरसत नव्हती मला, गळ्यात कधी पडणार?”

“मॅडम, आम्ही नावं बदललीत सगळ्यांची.”

“नाव बदललंत. बायको तीच ठेवलीत ना?”

पहिल्या रांगेतून एक म्हातारा उठला. हा बँडचा ड्रमवाला. जग त्याला ठोक्या म्हणून ओळखायचं. जुन्या गोष्टी सांगायला नाटकवाल्यांनी त्याला बोलावलं होतं. बत्तीस वर्षांत त्याने आणि बाईंनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

“खोटं काय आहे त्यात, वहिनी?” तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, रागाने.

“वहिनी म्हणू नका मला! माझ्या नवऱ्याला हाकलून दिलंत तेव्हा कुठे गेली होती वहिनी?”

“हाकलून? कोणी?”

“तुम्ही तिघांनी. मेकअपच्या खोलीत घेरून सांगितलंत ना त्याला, तुझा आवाज गेला, आता तू नको? भर दुपारी घरी आला आणि उशीत तोंड खुपसून रडला. आठ दिवस धड जेवला नाही. या डोळ्यांनी पाहिलंय मी.”

ठोक्या एक पाऊल मागे सरकला. मग मागे हात नेऊन त्याने खुर्चीची पाठ धरली.

“रडला तो आमच्याही पुढे,” तो म्हणाला. “त्याच खोलीत. म्हणाला, बायको पोरीला घेऊन निघून जाते म्हणतेय, माझे हात बांधलेत रे. आम्ही पाया पडायचेच बाकी होतो त्याच्या. मी म्हटलं, मी वहिनींशी बोलतो. तर म्हणाला, चुकूनही जाऊ नकोस, तुमचं नाव काढलं तरी ती पेटते.”

“मला म्हणाला, ते दारात आले तर कडी काढू नकोस.”

बाईंना नवऱ्याचा पांढरा सूट आठवला. तोवर त्यांनी काहीही शिवलं तरी चार शिवलं होतं. बँड फुटला त्या उन्हाळ्यात त्याने एकच, स्वतःचा, शिवायला सांगितला. बाकीच्यांचं नंतर बघू, म्हणाला. तोच सूट पुढे त्याच्या एकट्याच्या रेकॉर्डच्या कव्हरवर झळकला. या तिघांनी त्याला काढलं आणि मग रेकॉर्ड काढणारी कंपनी देवासारखी धावून आली, असंच त्या आजवर धरून चालल्या होत्या. पण सूट आधी शिवला होता. मेकअपच्या खोलीतल्या त्या दुपारच्या चांगला महिनाभर आधी.

“आपला बास गिटारवाला वारला,” ठोक्या खाली बघत म्हणाला, “तेव्हा मीच सगळ्यांना बजावलं होतं, तिला कळवू नका.”

“कळवलं असतंत तरी मी आले नसते,” बाई म्हणाल्या.

दिग्दर्शिकेने रंगमंचावरच्यांना बसायची खूण केली. लेखकाने हातातल्या कागदांकडे बघितलं. “मग हा प्रवेश मी लिहायचा तरी कसा?”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नवऱ्याचा होता.

“कोण कोण आलंय तिथे?” त्याने पहिलं हेच विचारलं.

“ठोक्या आहे. समोरच उभा आहे.”

त्याने आवाज एकदम खाली आणला. मग तो म्हणाला, “तू काही बोलली नाहीस ना? प्रवेश बदलायला वगैरे लावला नाहीस ना?”

“लावलाय,” बाई म्हणाल्या. “त्यात आता मी नाही. हे तिघेही नाहीत. तू एकटाच आहेस.”