अकरा सुया

"वेळ संपली. हात वर!"

बारा टेबलांमागे हातांच्या बारा जोड्या वर झाल्या. प्रत्येक टेबलावर स्पंजचं एकेक पोट होतं, त्यावर रबराची कातडी. टाके घालून ते बंद करायचं, एवढीच परीक्षा. शस्त्रक्रिया शिकवणारे सर पहिल्या टेबलापासून निघाले, नासकी भाजी बघत फिरावं तसे नाक मुरडत.

"हे टाके की गोणपाटाची शिवण?" ते पहिल्याला म्हणाले. "तुम्ही पेशंट शिवू नका, उशा शिवा." दुसऱ्याला काही बोललेच नाहीत. नुसते हसले, आणि ते जास्त लागलं. तिसरा वर्गातला पहिला नंबर. त्याचे टाके एका ओळीत, अगदी रेखीव. सरांनी ते बोटाने दाबून पाहिले.

"सुंदर! रबर सुजत नाही ना, म्हणून सुंदर. माणसाची कातडी सुजेल आणि तुमच्या या घट्ट टाक्यांखाली दोन दिवसांत काळी पडेल. फोटो काढून ठेवा, नातेवाइकांना दाखवायला."

पण सरांना खरी मजा वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. परीक्षेआधी सगळे हात धुवायला गेले, तेव्हा त्यांनी प्रत्येक ट्रेमधून एकेक सुई उचलली होती आणि शिंप्यासारखी आपल्या एप्रनच्या कॉलरखाली खोचली होती. ट्रेमध्ये चार सुया मोजून दिलेल्या. पोट बंद करण्याआधी त्या पुन्हा मोजायच्या, एक जरी कमी भरली तरी बंद करायचं नाही आणि कुणी खोलीबाहेर जायचं नाही, हा या कामातला पहिला धडा. सर वर्षभर घसा कोरडा करून सांगत, "'असेल कुठेतरी' म्हणणाऱ्यानं सर्जन होऊ नये. किराणा दुकान टाकावं." आणि दरवर्षी सगळे पठ्ठे न मोजताच पोट शिवून मोकळे होत. सहा वर्षं सर अशा सुया चोरत होते. सहा वर्षांत एकालाही पत्ता लागला नव्हता. खरं सांगायचं तर सरांना आता त्याचं दुःखही उरलं नव्हतं. उलट तेवढ्यासाठीच ते या दिवसाची वाट बघत.

बाराव्या टेबलाशी ते थांबले. इथली मुलगी इतकी सावकाश काम करायची, की सरांनीच तिचं नाव आजीबाई ठेवलं होतं. मागच्या खेपेला ती नापास झाली होती. आता पुन्हा झाली की कॉलेज सुटलं, डॉक्टरकी संपली. उगाच वेळ जायला नको म्हणून सरांनी यादीत तिच्यापुढे 'नापास' सकाळीच लिहून टाकलं होतं.

टेबलावरचं पोट उघडंच होतं. एकही टाका नाही.

"काय आजीबाई, डुलकी लागली होती का?"

वर्ग हसला.

"सर, सुया तीनच आहेत. टेबलाखाली पाहिलं, स्पंजमध्ये पाहिलं. चौथी मिळेपर्यंत मी बंद नाही करणार."

"पुन्हा नापास झालात तर काय होईल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

सर मनातल्या मनात चडफडले. शाबासकी द्यायला हवी, हे त्यांना कळत होतं, पण ती तोंडातून निघेना. सहा वर्षं जिवापाड जपलेला तिरस्कार या पोरीने एका वाक्यात हिरावून घेतला होता. मग ते तिच्याकडे पाठ फिरवून बाकीच्यांवर उखडले.

"ऐकलंत का, शहाण्यांनो? मोजा आपापल्या सुया!"

अकरा माना ट्रेवर वाकल्या. तीन. तीन. सगळीकडे तीन.

"अकरा पोटं शिवलीत आणि मोजलं एकानंही नाही! तुमच्या हाती मी माणूस काय, माणसाचा सदरासुद्धा देणार नाही!"

त्यांनी झटक्यात कॉलर उलटी केली आणि ते एकेक सुई काढून टेबलावर ठेवायला लागले. मोठ्याने, ऐटीत मोजत ते अकरापर्यंत आले. मग त्यांनी कॉलर चाचपली. दुसऱ्या बाजूचीही चाचपली.

"ट्रे बारा आहेत, सर," आजीबाई म्हणाली.

"असेल कुठेतरी," सर म्हणाले.

पहिल्या नंबरवाल्याने ओठ घट्ट मिटून खाली बघितलं.

आजीबाईने जाऊन दाराला कडी घातली. कपाटातून सुया शोधायचं लांब दांड्याचं चुंबक काढलं. फरशी, टेबलांचे पाय, बेसिनची कड, सगळं तिने सावकाश धुंडाळलं. आटप लवकर, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सरांच्या टेबलावर कागदाखाली बघायला म्हणून तिने गुणांची यादी उचलली. तिची नजर शेवटच्या ओळीवर थांबली.

"इथं नाही," ती म्हणाली आणि यादी होती तशी ठेवून दिली.

मग ती सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, हात वर."

सरांनी वर्गाकडे पाहिलं. वर्ग त्यांच्याकडेच बघत होता. त्यांनी हात वर केले. चुंबक एप्रनवरून हळूहळू खाली सरकत गेलं आणि डाव्या काखेखालच्या शिवणीशी टक् असा बारीक आवाज झाला. तिने चिमट्याने सुई सोडवली आणि बाकीच्या अकरा सुयांशेजारी नीट ठेवली.

"बारा."

एवढं बोलून ती आपल्या टेबलाशी गेली आणि पोट शिवायला लागली. एक टाका. गाठ. दुसरा टाका. वेळ संपली आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. हात खाली घ्या, हे सरांनाही कुणी सांगितलं नाही.