मोर म्हणजे काय

"मोर," कोंडीराम म्हणाले आणि ताटाकडं बघत राहिले.

पायलनं लगेच आणखी एक भाकरी वाढली. ती हिंजवडीत नोकरीला; तिला ते इंग्रजी वाटलं. सासऱ्यांनी भाकरी बाजूला सारली.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या तोंडून एवढा एकच शब्द निघत होता. हात सुधारला, पाय सुधारला. वाचा मात्र गेली ती गेली. मुलाचा, प्रमोदचा, जीव टांगणीला लागला होता. चांदे गावातलं डोंगराकडचं वावर बिल्डरला द्यायचं त्यानं ठरवलं होतं. पण पौडच्या कचेरीत नोंदणीच्या वेळी साहेब मालकालाच विचारतात, स्वखुशीनं देताय ना? मालकानं तोंडानं हो म्हणायला हवं.

"त्या वावरात मोर येत्यात," इंदूबाई म्हणाल्या. "त्येच दिसत असत्याल त्यास्नी." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आईचं हे बोलणं प्रमोदला सोसवेना. त्यानं दुसरा अर्थ शोधायचा चंग बांधला. मागच्या खोल्यांतले भाडेकरू नाना मुलखांचे. तमिळ इंजिनिअर म्हणाला, आमच्याकडं मोर म्हणजे ताक. म्हाताऱ्याला सकाळ-संध्याकाळ ताक सुरू झालं. सर्दी तेवढी झाली. पायलनं मोबाइलवर शोधलं, तुर्की भाषेत मोर म्हणजे जांभळा. मग जांभळा सदरा आला. कोंडीरामांनी तोही मुकाट्यानं घातला.

छत्तीसगडच्या गवंड्याला मात्र काही शोधावं लागलं नाही. "हमरे इहाँ मोर मतलब मेरा," तो म्हणाला. "मोर घर, मोर खेत."

त्यानंतर प्रमोदला जेवण गोड लागेना. बापाच्या नजरेला नजर देणं त्यानं टाळलं. तरी ठरल्या दिवशी त्यानं आई-बापाला गाडीत घातलं आणि पौड गाठलं.

साहेबांनी मोठ्यानं विचारलं, "आजोबा, जमीन स्वखुशीनं विकताय ना?"

कोंडीरामांनी लेकाकडं बघितलं. "मोर."

साहेबांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच ऐकलं आणि कागद परत केले. धड उत्तर मिळाल्याशिवाय सही घेणार नाही, म्हणाले. प्रमोदचं तोंड उतरलं. बरोबर आलेला बिल्डरचा माणूस मात्र खुशीत होता. व्हरांड्यात त्यानं प्रमोदच्या पाठीवर थाप मारली.

"अहो, म्हातारबा भाव वाढवून मागतायत. मोर! शेठना सांगतो, वाढवतील. पुढच्या खेपेला हो म्हणायचं तेवढं शिकवा त्यांना."

प्रमोदच्या जिवात जीव आला. दोघं बोलत बोलत गाडी आणायला गेले.

बाकड्यावर म्हातारा-म्हातारी दोघंच उरली. इंदूबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली नवऱ्याला दिली. कोंडीराम घोटभर पाणी प्याले. लेक फाटकाबाहेर गेल्याची त्यांनी खात्री केली आणि बायकोकडं वळले.

"आता दुसरा शब्द घिऊ," ते हळूच म्हणाले. "ह्येचं लई अर्थ निघाया लागल्यात."