भाडेकरूची खोली

“सरकारने अर्विलच्या चेकात चोवीस डॉलर वाढवले, मी भाडं चोवीस डॉलर वाढवलं. ह्यात न कळण्यासारखं काय आहे?” डेल्फा घेवड्याच्या पातेल्यात डाव आपटत म्हणाली.

सरकारी मदतीच्या कचेरीतून आलेली मिस लोवेल लिहिता लिहिता थांबली. “म्हणजे महागाईची सगळी वाढ तुमच्याच खिशात?”

“मग महागाई काय एकट्या त्यालाच झाली?”

ती वाढ दर वर्षी जानेवारीपासून लागू व्हायची. त्याआधी मिस लोवेल डोंगरातल्या घरांतून स्वतः फिरायची. माणूस कसा राहतो, कोणाबरोबर राहतो, खातो काय, झोपतो कुठे, हे डोळ्यांनी बघायची. तिचं समाधान झालं तर वाढलेला चेक सुरू. नाही झालं, तर आहे तोही अडकायचा. एरवी ती ऑक्टोबरात येऊन जायची. ह्या वर्षी कामं तुंबली आणि डिसेंबरातलं बर्फ तुडवत यावं लागलं.

अर्विल खिडकीपाशी बसला होता. लाकूड कापायच्या गिरणीत त्याचा उजवा हात कोपरापासून गेला, तेव्हापासून तो अपंगांच्या चेकवर होता, आणि कचेरीच्या नोंदीप्रमाणे डेल्फाच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. डेल्फालाही म्हातारपणाचा लहानसा चेक यायचा. घरात चेक दोन आणि भांडण एकच, बारमाही.

“अंडी केवढ्याला झालीत बघा,” डेल्फा म्हणाली.

“ती मला कधी दिसली तर बघेन ना,” अर्विल म्हणाला. “इथे घेवड्यात घेवडा शोधावा लागतो, मिस.”

“दार उघडंच आहे.”

“जागा मिळू दे, आजच्या आज जातो. असल्या जखिणीच्या घरात हौसेने कोण राहतं?”

मिस लोवेल हे तीन वर्षं ऐकत होती. पहिल्या वर्षी तिला हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

डेल्फाने कॉफीचा कप त्याच्यापुढे आदळला, पण कपाचा कान डावीकडे करून. मिस लोवेलचं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. चौकड्यांचा, गळ्यापर्यंत नीट लावलेला. तिने विचारलं, एका हाताने एवढी बटणं कशी लावता?

“सवय,” अर्विल म्हणाला.

डेल्फाने लगेच ओढ्याकाठच्या त्या दोघांचा विषय काढला. वेगवेगळे राहतो म्हणून दोन पुरते चेक घेत होते, आणि निघाले नवराबायको. दोघांचेही कापले म्हणे, शिवाय मागचे वसूल करतायत.

“ती चौकशी माझ्याकडेच होती,” मिस लोवेल म्हणाली.

“बरं केलंत. असल्यांमुळेच आमच्यासारख्यांना ताप.” डेल्फाने डाव झटकला. “खोली बघायची असेल ना?”

मागच्या खोलीचं दार जरा फुगलं होतं. डेल्फाने खांदा लावला तेव्हा उघडलं. आत तोंडातून वाफ निघत होती. पलंगावरची चादर ताठ, वर एकच पातळ पांघरूण. उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं.

मिस लोवेलने पेला उचलून उलटा केला. थेंबही पडला नाही.

“ह्या खोलीत झोपवता तुम्ही ह्यांना?”

डेल्फाने पेला तिच्या हातातून काढून घेतला. अर्विल दारातच उभा होता, खाली बघत.

“कोळसा परवडत नाही,” डेल्फा म्हणाली.

मिस लोवेल ओसरीवर गेली. काचेतून ती फोनवर हात नाचवत बोलताना दिसत होती. परत आली ती उजळलेल्या चेहऱ्याने, पण तो उजेड फक्त अर्विलसाठी. डोंगरापलीकडे म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एक खोली रिकामी होती. तळमजला, ऊब चोवीस तास, जेवण वेळेवर. भाडं सरकार बघेल. गाडी बाहेर आहेच, सामान आवरा.

अर्विल म्हणाला की एवढी घाई कशाला. मग म्हणाला की कोंबड्यांना थंडीत कोणी बघायला हवं.

“कोंबड्या ह्यांच्या ना?”

“हो, पण... इथलं अंगवळणी पडलंय.”

मिस लोवेल त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली. “तीन वर्षं तुम्ही जागा मागताय. आता मिळाली, तर ह्या बर्फाच्या खोलीत राहायचं म्हणता. मला वर काहीतरी लिहावं लागेल, अर्विल. कारण काय लिहू?”

शेगडीत कोळसा तडकला. अर्विलने डेल्फाकडे पाहिलं. डेल्फा घेवड्याकडे बघत होती.

“कारण कसलं डोंबलाचं,” ती म्हणाली. “ऐदी आहे मेला. घेऊन जा त्याला. माझी एक ब्याद टळेल.”

तिनेच त्याची पिशवी भरली. शर्ट अक्षरशः फेकत होती, पण त्यांच्या घड्या मोडत नव्हत्या. प्रत्येक शर्टाची उजवी बाही कोपरापाशी बारीक टाक्यांनी शिवलेली होती. मिस लोवेलने पिशवी ओढून घेतली. माणसाशी असं वागायला जीव कसा होतो, एवढंच ती पुटपुटली.

ओसरीवर बोचरं वारं होतं. अर्विलच्या कोटाची बटणं उघडीच होती. डेल्फाचा हात वर आला, आणि स्वतःच्या केसांवरून फिरून खाली गेला. शेवटी मिस लोवेलनेच वाकून ती बटणं लावली.

“येतो, बाई,” अर्विल म्हणाला.

“उरलेल्या दिवसांचं भाडं परत मिळायचं नाही.”

“ठेवा तुम्हालाच.”

गाडी वळणाआड गेली. डेल्फाने घेवडा शेगडीवरून उतरवला, कोंबड्यांना दाणे टाकले आणि आपल्या खोलीत आली. शेगडीचं धुराडं त्याच भिंतीतून जायचं, त्यामुळे तिथे छान ऊब होती. पांघरुणाच्या घडीत एक लोकरीची टोपी राहून गेली होती. तिने ती झटकली, आणि एकेचाळीस वर्षं जिथे तिचा नवरा डोकं टेकत आला होता, त्या उशीवर ठेवली.