हातिमताईची वेळ

मुसाइदच्या गालात लिंबाएवढा लगदा साठला होता आणि ओठांच्या कडेनं हिरवं पाणी गळत होतं. समोर लोडाला टेकून त्याचा चुलतभाऊ अब्दुलवासी क़ातचा नशा आणणारा पाला निवडत होता. कोवळी पानं तोंडात, जून देठ गालिच्यावर. पाण्याची बाटली घेऊन आलेली मुसाइदची मुलगी नज्मिया दारातच थांबली.

वेळ तिनं नेमकी साधली होती. पाला तोंडात गेला की पहिला तासभर बाप खेकसायचा, पुढचे दोन तास हातिमताई व्हायचा आणि दिवेलागणीला भिंतीकडे बघत मुका बसायचा. आजवर अशा कित्येक दुपारी त्यानं तिला शिलाईयंत्र दिलं होतं, बांगड्या दिल्या होत्या, गच्चीवर खोली दिली होती. सकाळी यातलं काहीच नसायचं, वर आठवण करून दिली तर शिव्या. म्हणून आज तिनं इब्ब शहरातल्या नर्सिंग शाळेचा अर्जच आणला होता. एकदा सही झाली की सकाळी काय बोलणार ते, असा तिचा हिशेब.

"बाबा, इथं सही हवी."

"नर्स होणार माझी पोरगी?" मुसाइदचे डोळे लकाकले. "अगं, दवाखानाच बांधून देतो तुला. तीन मजली."

"तो बांधाल तेव्हा बांधा. आधी सही."

त्यानं सही ठोकली. अर्जावर लाळेचा हिरवा थेंब पडला. तीन मजले बांधून झाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर पसरलं होतं. बसल्या जागी चघळून एवढा आनंद मिळत असेल तर विटा कोण उचलणार? नज्मियाला किळस आली, लाळेपेक्षा त्या समाधानाची.

ती वळणार तोच अब्दुलवासी खाकरला. "दादा, आज तुझा हात सढळ आहे. मग आमच्या जुबरानलाही दे की काहीतरी. नज्मिया दे."

जुबरान म्हणजे त्याचा थोरला. विशीतच त्याचे दात हिरवे पडले होते.

"दिली," मुसाइद म्हणाला.

"तोंडी नको. फातिहा म्हणू."

"म्हण ना. तुला काय नाही म्हणतोय मी?"

कुराणातली फातिहा म्हटली की सोयरीक झाली. ती मोडणाऱ्याला भावकीत तोंड दाखवायला जागा उरत नाही. दोघांनी लगदा जिभेनं गालात सारला आणि हिरव्या बोटांचे हात वर धरले.

नज्मिया पडद्याआड आली. तिथं उभं राहून सगळं ऐकणाऱ्या आईनं तिचं मनगट धरलं.

"पाल्याच्या भरात बोलतायत गं. सकाळी नाही म्हणतील."

"अर्जाला नाही म्हणतील," नज्मिया म्हणाली.